कलावतीची म्हैस आणि बीडचे हसवणारे

बीडला चालले म्हटल्यावर शेजारणीने विचारलं, "तिकडे बघायला काय आहे गं?"

मी म्हटलं, "पूर."

तिला ती थट्टा वाटली. आम्हा कोकणातल्या माणसांच्या डोक्यात बीड म्हणजे टँकर आणि त्याच्यापुढे लागलेली घागरींची रांग. त्या जिल्ह्यात नदीला पाणी येतं आणि ते गोठे, शेतं, जनावरं घेऊन जातं, हे यंदाच्या पावसाळ्यापर्यंत मलाही खरं वाटलं नसतं.

मी चिपळूणला पोळी-भाजी केंद्र चालवते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पूर आला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात छताला हात लागेल एवढं पाणी होतं. पाणी उतरलं, चिखल राहिला. तो उपसायला जी अनोळखी माणसं आली, त्यांत आष्टीची एक अंगणवाडी सेविका होती, मीरा. आठ दिवस माझ्याकडे राहिली. तिसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात उभं राहून तिने माझ्या कणकेच्या डब्याची नक्कल केली. डबा आधी पोहायला कसा घाबरला असेल, मग फ्रिजचा हात धरून कसा निघाला असेल. मी आठवड्यात पहिल्यांदा हसले, आणि हसून झाल्यावर फावडं हातात घेतलं.

यंदा तिचाच फोन आला. "ताई, आमच्याकडं पानी आलंय. आमाला पानी जायची सवय हाय, यायची न्हाई. कायबी कळंना झालंय." मग म्हणाली, "आमी तिघं मिळून कार्यक्रम करायलोत. लोकांना हसवायचं आन पूरवाल्यांसाठी झोळी फिरवायची. तुमी या, चार दिस फिरा आमच्यासंगं."

दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. केंद्राच्या दाराला 'मालकीण गावाला गेली आहे' अशी पाटी लावली आणि निघाले. प्रवासाबद्दल एवढंच सांगते, की आपल्याला कंबर आहे हे बीडच्या बसस्थानकावर उतरताना नव्याने कळलं.

बीड

मीरा मला थेट बाजारात रफिकभाईंच्या गाड्यावर घेऊन गेली. हे या मंडळींचे म्होरके. पंचावन्नच्या आसपासचे, काटकुळे, दाढीला मेंदी. धंदा फळांचा. गाड्यावर सीताफळांची रास होती, आणि गिऱ्हाईक फळांसाठी थांबलंय की यांच्या बोलण्यासाठी, ते सांगता आलं नसतं.

मी सवयीने एक सीताफळ नाकाशी नेलं. आंब्याच्या मुलखातली मी, फळ म्हटलं की आधी वास.

"नक्को ताई," रफिकभाई म्हणाले, "याला नाकानं न्हाई, डोळ्यानं बघायचं. त्याचे डोळे बघा. मिटलेले असले तर झोपू द्या. उघडले की खा."

सीताफळाच्या खवल्यांमधल्या फटींना तिथे डोळे म्हणतात. मी डोळे उघडलेलं एक खाल्लं आणि बोलणं थांबवलं.

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. त्यांच्या पत्नी शबानाभाभींनी बगारा भात आणि दालचा केला होता. फोडणीचा सुटा भात आणि त्यावर दुधीच्या फोडी घातलेली आंबट डाळ. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना "आणखी वाढू का?" असं विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात, आणि मग "कावून खाईना झालाव?", म्हणजे का खात नाही, असं विचारतात.

जेवताना मला सगळी हकीकत कळली. ही तिघं एरवी बारशाला, लग्नाला, जत्रेत विनोदी कार्यक्रम करतात. तिसरे ज्ञानोबा, नांदूरघाटजवळ शेळ्यामेंढ्या राखणारे. ते उद्या भेटणार होते. मांजरा नदीकाठच्या तळपिंपरी या गावात पुराने बऱ्याच घरांतली जनावरं नेली होती. या तिघांनी ठरवलं होतं की ज्याची शेळी गेली त्याच्या दारात शेळी बांधायची.

"पैसेच का देत नाही?" मी विचारलं.

मीरा म्हणाली, "पैसा हातात दिला की दवाखान्यात जातो, लेकराच्या फीला जातो. शेळी दारात ऱ्हाती."

कपिलधार

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंच्या फळांच्या टेंपोतून कपिलधारला गेलो. बीडपासून जवळच डोंगराच्या कुशीत धबधबा आहे, शेजारी समाधीचं मंदिर. भाविकांची वर्दळ होती. कोकणात पावसाळ्यात घाट उतरताना शेकडो धबधबे दिसतात आणि आम्ही गाडीच्या काचा वर करतो, अंगावर थेंब नको म्हणून. इथे लोक घरातले बरे कपडे घालून पाण्यासमोर उभे होते. एक म्हातारे गृहस्थ देवळातून बाहेर आले आणि धबधब्यालाही हात जोडून गेले. मला माझ्या काचा आठवल्या.

ज्ञानोबा तिथेच येऊन थांबले होते. पन्नाशीचे, बुटके, डोक्याला लाल पटका, आणि बोलायला आश्चर्य वाटावं इतके लाजरे. माझ्याशी बोलताना सगळा वेळ माझ्या चपलांकडे बघत होते.

कार्यक्रम दुपारी चार वाजता. धबधब्याच्या तुषारांनी भोंगा पहिल्या पाच मिनिटांतच मेला. लोक थांबेनात. दर्शन घ्यायचं, फोटो काढायचा, निघायचं. रफिकभाई घसा ताणून हाका मारत होते.

"बे ज्ञानबा," शेवटी ते म्हणाले, "बोलाव बाबा."

ज्ञानोबांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि चुकलेल्या रेडकाचा आवाज काढला. अख्खी वाट थबकली. बायका झाडीत वाकून रेडकू शोधू लागल्या. तोच लाजरा माणूस पुढे झाला आणि मान ताठ करून म्हणाला, "मंडळी, रेडकू मीच हाय. माय पुरात गेली. दोन मिंटं थांबा."

मग ते थांबलेच. पहिला प्रवेश टँकरचा. मे महिन्यात गावाने टँकरसाठी अर्ज केलेला असतो. मंजुरी पावसाळ्याच्या शेवटी येते, आणि टँकर पुरात तरंगत येतो. "सही करून घ्या," टँकरवाला झालेले रफिकभाई छपरावर बसलेल्या गावकऱ्यांना म्हणतात, "पानी पोचलं म्हनून."

दुसरा प्रवेश पंचनाम्याचा. रफिकभाई साहेब, ज्ञानोबा शेतकरी, मीरा त्याची बायको. शेतकरी सांगतो, "साहेब, म्हस गेली. वीस लिटर दूध द्यायची." बायको पदर सावरत विचारते, "अवो, आपल्याकडं म्हस कवा व्हती? आपन तर चहा बी काळाच पितो."

लोक पोट धरून हसले. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीराने उपरणं फिरवलं आणि ते जड होऊन परत आलं. पुढच्या रांगेतला एक जण सगळं मोबाईलवर टिपत होता. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं.

नांदूरघाट

मुक्काम ज्ञानोबांच्या घरी होता. त्यांच्या पत्नी रुक्मिणबाईंनी सकाळी बाजरीच्या भाकऱ्या आणि येसराची आमटी केली. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि डाळी मसाल्याबरोबर दळून ठेवलेलं पीठ. पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की दहा मिनिटांत दाट, खमंग आमटी तयार. मी धंद्यातली बाई, कृती लिहून घेतली. रुक्मिणबाईंना मोठी मौज वाटली. "ह्याच्यात लिवायचं काय हाय? पीठ हाय, पानी हाय."

त्या मोठ्या गावात कार्यक्रम दणक्यात झाला. पण खरी गोष्ट नंतर घडली. ज्ञानोबांच्या भावकीतले दोन म्हातारे धनगर कळप घेऊन आले आणि म्हणाले, पैसा न्हाई आमच्याकडं, ह्यातल्या निवडा. ज्ञानोबांनी पाच पाठी निवडल्या. पाठ म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी. निवडताना ते प्रत्येकीचे दात बघत होते आणि प्रत्येकीच्या मालकाशी हुज्जत घालत होते: "ही नगं, ही तुज्या घरची लाडकी हाय. दुसरी दे."

पाठी टेंपोत चढवल्या. खाली उतरून आम्ही चहा घेतला, तेवढ्या वेळात त्यांनी पंचनाम्याच्या प्रवेशातलं रजिस्टर खाल्लं. फक्त पुठ्ठा उरला.

संध्याकाळी अंगणात त्यावरच हसत बसलो होतो. मीराचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तिने स्पीकर लावला.

"म्या कलावती बोलते, तळपिंपरीची," आवाज ठाम होता, जरासुद्धा चढलेला नव्हता. "तुमी ज्यांच्यासाठी झोळी फिरवता ना, त्यांच्यातली मी एक. माझी म्हस गेली पुरात. खरी म्हस. चंद्री नाव व्हतं तिचं."

मीराने स्पीकर बंद करायला बोट नेलं आणि मागे घेतलं.

"तुमचा खेळ आलाय हितं समद्यांच्या फोनवर. सकाळपासनं लोक मला दाखवायलेत. 'कलावती, तुझी म्हस तरी खरी व्हती का?' असं इचारून हसायलेत. आमचं दुख इकायला काढलं, ते एक ऱ्हाऊ द्या. पर खोटारडं कावून केलं? तुमची शेळी नको आमाला."

फोन बंद झाला.

ज्ञानोबा पहिल्यांदा बोलले. "खेळच हाय की. तिला म्हनून थोडीच केला." पण हे म्हणताना ते पुन्हा चपलांकडे बघत होते. मीरा म्हणाली, तो प्रवेश उद्यापासून गाळू, आणि कार्यक्रम करत राहू. उद्याचा कार्यक्रम केजला ठरलेला होता, मंडप बांधून झाला होता.

रफिकभाईंनी बराच वेळ दाढीवरून हात फिरवला. "केज नक्को," ते म्हणाले. "ज्याच्यावर हसलो, त्याच्या दारात जाऊन उभं ऱ्हायला पायजे. आदी ते. मग बाकीचं."

मी त्या संध्याकाळी स्वतःशी एक हिशेब मांडला. मीराच्या नकलेने मी चिपळूणला हसले होते, कारण ती माझ्याच चिखलात उभी होती. कपिलधारला मी कोरड्या पायऱ्यांवर बसून हसले. दोन्ही हसणी मला तेव्हा सारखीच वाटली होती. ती सारखी नव्हती.

तळपिंपरी

नदी जवळ येऊ लागली तशी जमीन बदलली. बाभळींच्या शेंड्यांना चिंध्या, प्लास्टिक, एका ठिकाणी अख्खी सतरंजी लटकलेली. सोयाबीन उभ्या उभ्या काळं पडलेलं. काही शेतांत तर शेतच नव्हतं. माती गेली होती आणि खालचे गोटे उघडे पडले होते. आमच्याकडे पुराने गाळ आणून टाकला, इथे होती ती माती नेली. चिखल निदान उपसता येतो. गेलेली माती कुठून उपसून आणणार?

गावाच्या अलीकडे टेंपो काळ्या मातीत रुतला. पाठी आत, रफिकभाई स्टिअरिंगवर, आम्ही तिघांनी मागून रेटा दिला. टेंपो निघाला आणि माझी एक चप्पल तिथेच राहिली. गावात पोचलो ते मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेले. कलावतीबाईंचं घर विचारावं लागलं नाही. त्या दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, कपाळावर मोठं कुंकू. शेजारी त्यांचे यजमान, बाबूराव.

त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाय धुवा. पानी प्या. मग बोलते."

पाणी पिऊन झालं. तोवर शाळेच्या ओट्यापुढे गाव गोळा झालं होतं. रफिकभाई हात जोडून म्हणाले, "बाई, चुकलं आमचं."

"चुकलं म्हनून कसं भागंल?" कलावतीबाई म्हणाल्या. "फोनवर करता, कपिलधारला करता. हितं करा. माझ्या म्होरं."

रफिकभाई ओट्यावर चढले. त्यांनी साहेबाचा चष्मा लावला, आणि रजिस्टर म्हणून उरलेला पुठ्ठा हातात घेतला. ज्ञानोबा म्हणाले, "साहेब, म्हस गेली." मीराचं वाक्य आलं, "आपल्याकडं म्हस कवा व्हती?" कुणीही हसलं नाही. टेंपोतली एक पाठ ओरडली, तेवढाच आवाज. मीराने पुढचं वाक्य सोडून दिलं. ती ओट्यावर खाली बसली.

कलावतीबाई उठल्या. "असं न्हवतं झालं," त्या म्हणाल्या. घरी गेल्या आणि एक जाडजूड लग्नाचा अल्बम घेऊन आल्या.

"त्या तलाठी बाई आल्या व्हत्या पंचनाम्याला. चांगल्या व्हत्या बिचाऱ्या. चपला हातात घिऊन चिखलातनं आल्या. म्हनल्या, मावशी, म्हशीचा फोटो लागतो. म्या म्हनलं, बाई, म्या सोताचा फोटो काढला न्हाई कवा, म्हशीचा कावून काढू? मग ह्यांना आठवलं. लेकीचं लगीन दारातच झालं, आन चंद्री बांधलेली मांडवाच्या कडंला. अल्बम लेकीकडं व्हता म्हनून वाचला. आनवला."

त्यांनी अल्बम उघडला आणि रफिकभाईंच्या पुढ्यात धरला. रफिकभाई चष्मा लावूनच होते.

"बाईंनी पयला फोटो बगितला. म्हनल्या, हा नवरदेव. म्या म्हनलं, त्याच्या मागं बगा. मुंडावळ्याच्या आड शिंग दिसतंय का? दुसरा बगितला. म्हनल्या, ही करवली. म्हनलं, करवलीच्या कोपराखालनं बगा, शेपूट. जेवणाच्या पंगतीत एका फोटोत तोंड घावलं, पर त्याच्यापुढं इहीणबाईचं तोंड. शेवटाला एकच फोटो बरा निघाला. जावई मधी उभा, आन त्याच्या खांद्यावरनं चंद्री बगायली."

ओट्याखाली कुणीतरी खोकलं. हसू दाबताना येतो तसला खोकला.

"बाईंनी फोटोचा फोटो काढला. कागदावर चिटकवला. खाली लिवलं, मयत जनावर. कागद बगते तर मधोमध जावई."

बाबूराव पहिले हसले. इतका वेळ मान खाली घालून बसलेला तो माणूस असा हसला की त्याला भिंत धरावी लागली. मग गाव हसलं. कलावतीबाई मात्र हसल्या नाहीत, त्यांचं संपलं नव्हतं.

"कुनीतरी तो कागद जावयाला धाडला. फोन आला त्याचा. म्हनला, मामी, म्या जित्ता हाय."

रफिकभाईंनी चष्मा काढला आणि उपरण्याने डोळे पुसले. त्यांच्या व्यवसायातल्या माणसाला आपल्याहून वरचढ माणूस ओळखता येतो.

"बाई," ते म्हणाले, "हे आमाला जमनार न्हाई. हे तुमीच करा. उद्या आष्टीचा बाजार हाय, चला आमच्यासंगं."

"म्या? खेळ करायला?"

"खेळ न्हाई. जे झालं ते सांगायला."

त्यांनी बाबूरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जा की. घरी तरी कुनाचं दूध काढायचंय?"

कलावतीबाईंनी जरा विचार केला. "येते," त्या म्हणाल्या. "पर एक हाय. हसायचं तर कागदावर हसायचं. म्हशीवर न्हाई, आन माझ्यावर बी न्हाई. कुनी हसलं तर तितल्या तितं उतरनार म्या."

मग त्यांनी स्वतः टेंपोचं फळकूट पाडलं आणि पाठी उतरवल्या. कोणती कुणाच्या दारात जाईल ते त्यांनीच सांगितलं. स्वतःसाठी एकही ठेवली नाही. "माझी शेळी गेली न्हाई," म्हणाल्या, "माझी म्हस गेली."

आष्टी

आष्टी नगरच्या बाजूला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही पहाटे निघालो. कलावतीबाई पुढे रफिकभाईंच्या शेजारी, मांडीवर अल्बम. वाटेत मीराच्या घरी थांबून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. कलावतीबाईंनी अर्धा धपाटा खाऊन ठेवून दिला. पहिल्या प्रयोगाआधी कुणाच्याच घशाखाली उतरत नाही, मीरा म्हणाली.

बाजार भरगच्च होता. थोड्याच दिवसांत इथली कितीतरी घरं ऊस तोडायला बाहेरच्या मुलखात जाणार होती. त्यामुळे चटया, घागरी, कोयते, लेकरांचे स्वेटर अशी सहा महिन्यांच्या संसाराची खरेदी चालली होती. आमच्याकडे बाजारात लोक आठवड्याचं घेतात. इथे बाया हातात स्वेटर धरून लेकरू तोवर किती वाढेल त्याचा अंदाज घेत होत्या.

भोंगा दुरुस्त झाला होता. टँकर झाला, ज्ञानोबांची रेडकू-नक्कल झाली. मग कलावतीबाई पुढे आल्या. पदर खोचला. मग त्यांनी अल्बम उघडला आणि पहिलं शिंग सापडेपर्यंत बाजार त्यांच्याभोवती दाटला होता. नवरदेव, करवली, विहीणबाई. प्रत्येक फोटोला हशा वाढत गेला.

तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "अय मावशी, पानी यायलं तवा म्हस सोडून कावून न्हाई दिली?"

कलावतीबाई थांबल्या. मला वाटलं, आता उतरणार. रफिकभाई अर्धे उठले.

त्यांनी उजवा हात वर धरला आणि बोटं पसरली. दोन बोटांना नखं नव्हती, नुसती गुलाबी कातडी आली होती.

"दाव्याची गाठ पान्यानं आवळली व्हती," त्या म्हणाल्या. "लई ओढली. न्हाई सुटली."

त्यांनी हात खाली घेतला, पान उलटलं, आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "तर शेवटाला एकच फोटो बरा निघाला." आणि त्यांनी जावई जिवंत करून दाखवेपर्यंत लोक हसले, पण आधी हसत होते तसे नव्हे. ओरडणारा माणूस गर्दीतून पुढे आला आणि उपरण्यात हातातलं सगळं टाकून निघून गेला.

नंतर एक बाई आमच्याजवळ आली. तिशी-बत्तिशीची, हातात दोन नवे कोयते. नाव यमुना. नवराबायको दोघं कारखान्यावर निघालेले. ती कलावतीबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "माय, माझी म्हस हाय एक. गाभन हाय, चौथा महिना चालूय. दर साली सासू सांभाळायची, यंदा सासू वारली. भावकीत कुनी ठिवून घेईना, इकून टाक म्हनत्यात. तुमी न्या. म्या येईस्तोवर सांभाळा. दूध तुमचं, आन रेडी झाली तर ती बी तुमची."

जनावर असं वाट्याने सांभाळायला देण्याची रीत तिथे जुनी आहे, पण ती ओळखीत, सोयऱ्यात. या दोघींची ओळख अर्ध्या तासाची.

"तू मला वळखत न्हाईस," कलावतीबाई म्हणाल्या.

"हात बगितला की."

म्हैस बाजाराच्या कडेलाच बांधलेली होती, विकायच्या तयारीने. कलावतीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कान उलटून पाहिले आणि मग एकेक विचारू लागल्या. कोणत्या अंगाने दूध काढू देते. पेंड भिजवून लागते की कोरडी. यमुना उत्तरं देता देता म्हशीचं वैरण खाणं बघत होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "एकलीला बांधू नका. वरडती."

"वरडू दे," कलावतीबाई म्हणाल्या. "म्या ऐकीन."

यमुनाने कोयते काखेत धरले, म्हशीच्या कपाळाला हात लावला आणि वळली. मागे पाहिलं नाही. टेंपोत म्हैस चढवताना ज्ञानोबांना तिच्याशी तिच्या भाषेत बरंच बोलावं लागलं.

पुन्हा तळपिंपरी

माझी परतीची बस सकाळी दहाची होती. रफिकभाई मला फाट्यावर सोडणार होते. तिघांची पुढच्या गावांची यादी तयार होती. पंचनाम्याचा जुना प्रवेश त्यांनी कायमचा टाकून दिला होता, आणि दर बाजारच्या दिवशी कलावतीबाई त्यांच्याबरोबर जाणार होत्या. बाबूराव या बातमीने एवढे खूश होते की त्यांनी मला ती तीनदा सांगितली.

कलावतीबाईंचा निरोप घ्यावा म्हणून विचारलं, तर त्या घरात नव्हत्या. गोठ्यात म्हैसही नव्हती. बाबूराव अंगणाच्या टोकाला जाऊन उभे होते, हातात अर्धी भाकरी तशीच.

"नदीवर गेली," ते हळू आवाजात म्हणाले. "पूर आला तवापासनं ती तिकडं गेली न्हवती. धुनं बी हापशावर धुवायची. आज म्हस वरडायली उन्हानं, पान्यात बसायला पायजे म्हनून. गेली घिऊन."

मी त्यांच्या शेजारी जाऊन पाहिलं. खाली मांजरा संथ, मातकट वाहत होती. म्हैस केव्हाच पाण्यात शिरली होती. कलावतीबाई काठावर दावं धरून उभ्या. बऱ्याच वेळाने त्यांनी एक पाय आत टाकला, मग दुसरा. पाणी घोट्याला, मग पोटरीला. गुडघ्यापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. मग ओंजळीने म्हशीच्या पाठीवर पाणी मारू लागल्या. पाठ चकचकीत काळी झाली.

म्हैस तशीच खाली बसली. नुसतं तोंड आणि शिंगं वर. थोड्या वेळाने कलावतीबाईंनी दावं ओढलं. ती हलली नाही. पुन्हा ओढलं. मग शिव्या ऐकू येऊ लागल्या, एकापेक्षा एक खणखणीत, नदीच्या दोन्ही काठांवर घुमणाऱ्या. बाबूरावांनी भाकरीचा घास घेतला.

फाट्यावरून बसचा हॉर्न आला. रफिकभाईंनी टेंपोचं दार उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. म्हैस अजून पाण्यात होती, आणि दुपारी दुसरी बस होती.